बंधाऱ्याच्या वर पाणकावळा, खाली शेकाट्या

"आज काय नाय घावायचं सर. रात्री पाणी सुटलंय."

सोलापूरजवळ तिऱ्ह्याच्या बाजूला सीना नदीवरच्या बंधाऱ्यावर मामा जाळं आवरत बसले होते. सकाळचे साडेसहा वाजलेले. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे पाहुण्या पक्ष्यांचा ऐन हंगाम. आठवड्यापूर्वी याच जागी, बंधाऱ्याखालच्या चिखलात चाळीसेक शेकाटे, दहा-बारा टिलवे, तीन चमचे आणि एक काळा शराटी मी वहीत लिहून नेले होते. आता खाली वाकून पाहिलं तर चिखलच गायब. या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ पाणी आणि त्यावर घिरट्या घालणारी एकटी घार.

पक्ष्यांची पुस्तकं महिन्यांच्या हिशोबाने लिहिलेली असतात. अमुक पक्षी ऑक्टोबरात येतो, तमुक मार्चात जातो. त्यात खोटं काही नाही. पण 'सोलापुरात येतो' आणि 'आज या पुलाखाली दिसतो' या दोन वाक्यांच्या मध्ये एक प्रश्न असतो: पाणी किती आहे? घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढं की पुरुषभर? नदीवरचे पक्षी पाहायचे तर आधी हा हिशोब शिकावा, नावं मागाहून आपसूक येतात. मी आधी नावं पाठ केली, त्यात बरीच वर्षं गेली.

हा हिशोब पायांपासून सुरू होतो. टिलवा चिमणीएवढा, वजन तीस ग्रॅमच्या आत, चोच दोन सेंटीमीटरचीही नाही. हा जीव थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून येतो आणि सीनेच्या काठी त्याला हवा असतो तो ओला चिखल, ज्यावर पाण्याचा नुसता पापुद्रा आहे. पाणी चार बोटं चढलं की त्याच्या पुढचं ताट उचललं गेलं. तुतवार काठच्या दगडांवर शेपटी खालीवर हलवत फिरतो, त्याला पाण्यात शिरण्याची फारशी गरजच नसते. शेकाट्याचे लालसर गुलाबी पाय अंगाच्या मानाने इतके लांब की तो वीतभर पाण्यात पोट न भिजवता चालतो. चमचा म्हणजे दर्वीमुख. त्याची चोच टोकाला चपटी. तो गुडघ्याखालच्या पाण्यात ती अर्धवट उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो, एखाद्या बाईने कढईत उलथणं फिरवावं तशी. राखी बगळा त्याहून खोल पाण्यात खांबासारखा उभा राहतो. त्यापुढे पाय टेकतच नाहीत, तिथे पोहणाऱ्यांचं आणि बुडी मारणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. थापट्या बदक रुंद चोचीने पाण्याचा वरचा थर गाळतं, हळदी-कुंकू बदक डोकं खाली आणि शेपूट वर करून गाळ चाळतं, टिबुकली आणि पाणकावळा पार तळाशी जातात.

म्हणूनच एका डबक्यात पाच-सहा जातींची पंगत बसते आणि फारशी भांडणं होत नाहीत. प्रत्येकाचं पान वेगवेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं.

आता हे आपल्या नदीला लावून बघू. सीना सोलापूरच्या मध्यातून वाहत नाही. ती शहराला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून वळसा घालते. पुण्याचा रस्ता तिला लांबोटीला ओलांडतो, मंगळवेढ्याचा तिऱ्ह्याला, विजापूरचा वडकबाळला. पुढे हत्तरसंग-कुडलला ती भीमेला मिळते. संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. लोक तिथे शिलालेख पाहायला जातात. मी सांगेन, लेख वाचून झाला की पाठ वळवा आणि दहा मिनिटं संगमाकडे बघत बसा. दोन नद्यांचं पाणी मिळतं तिथे कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगड टाकावा तसा सरळ खाली पडतो.

आपली नदी वर्षातले फार थोडे दिवस मनाने वाहते. जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की खांबांच्या मधल्या खाचांत लोखंडी बर्गे, म्हणजे फळ्या, टाकतात, वरच्या बाजूला पाणी तुंबतं. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढतात. म्हणजे ऑक्टोबर ते मे प्रत्येक बंधारा नदीचे दोन तुकडे करतो. वरचा तुकडा हा लांबोळका, खोल, संथ तलाव. खालचा तुकडा म्हणजे गळतीच्या पाण्यावर जगणारे दगड, वाळूचे पट्टे आणि चिखल. दोन्हींत अंतर फक्त बंधाऱ्याच्या भिंतीएवढं, पण पक्षी पूर्ण वेगळे.

वर बघावं. मेलेल्या बाभळीच्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. ते काही ऊन खायची हौस म्हणून नव्हे. बदकाची पिसं रेनकोटासारखी, पाणी ओघळून जातं. पाणकावळ्याची वरची पिसं आपल्या सोलापुरी टॉवेलसारखी पाणी धरतात. त्यामुळे त्याचं अंग जड होतं, बुडी मारायला सोपं जातं, आणि मासा मिळाला की टॉवेल वाळत घालावा लागतो. त्याच पाण्यात चांदवे. काळं अंग, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा. मराठीत त्याचं दुसरं नाव आहे वारकरी. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे नाव वेगळं समजवायला नको. थंडीत शंभर-दीडशे वारकरी पाण्यावर एकगठ्ठा तरंगत असतात, घार खाली आली की सगळी दिंडी पाणी तुडवत पुढे पळते.

आणि खाली बघावं तर शेकाटे, टिलवे, तुतवार, धोबी, टिटव्या. एकाच बंधाऱ्यावर उभं राहून, मान फक्त वळवून, तासाभरात तीसएक जाती मोजून होतात.

हे कळल्यावर मामांचं वाक्य उलगडतं. सीनेत उन्हाळ्याच्या तोंडी जे पाणी येतं ते बहुतेक वेळा आकाशातून आलेलं नसतं. भीमेवर उजनी धरण आहे, १९८० साली पूर्ण झालेलं. तिथून भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्याने पाणी सीनेत सोडतात, बंधारे भरून घेतात, शेतं भिजतात. याला म्हणायचं आवर्तन. शेतकरी आवर्तनाची वाट बघतो आणि ती बघायलाच हवी, त्यावर माझी काही तक्रार नाही. पण आवर्तन आलं की खालचा चिखल एका रात्रीत बुडतो आणि उथळ पाण्यातली अख्खी पंगत उठते. पक्षी मरत नाहीत, जागा बदलतात.

त्या सकाळी मी गाडी वळवली आणि तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या, म्हणजे एकरुखच्या तलावावर गेलो. हा तलाव १८७१ साली आदिला नदीवर मातीचा बांध घालून पुरा झाला. त्याचे काठ उतरते असल्याने पाणी जसं आटतं तसा दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो. तिथे शेकाटे होते, साठच्या वर. माझेच की दुसरे, सांगता येत नाही, पायात ओळखीची कडी नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: नदी भरलेली असली की तलावाचा काठ, नदी आटलेली असली की बंधाऱ्याखाली. गावातले सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव वाटेवरच आहेत, खोळंबा न होता दोन-चार बगळे पदरात पडतात.

आता वर्षाचं चक्र. मी ते ऑगस्टपासून मोजतो, कारण 'हिवाळी पाहुणे' हा शब्दच थोडा फसवा आहे. तुतवारासारखे चिखलपक्षी ऑगस्टातच उतरायला लागतात, आपण इथे अजून रेनकोट शोधत असतो. उत्तरेकडचा उन्हाळा आखूड. पिल्लं उडाली की मोठ्यांना तिथे थांबण्याचं कारण उरत नाही. दिवस लहान व्हायला लागले की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात, अंगावर चरबी चढते आणि तो साठा जाळत ते निघतात. थंडीमुळे पळून येतात म्हणणं अर्धंच खरं. गोठलेल्या जमिनीत किडा काढता येत नाही, हे खरं कारण. सप्टेंबरात धोबी येतो. नदीकाठच्या धुण्याच्या दगडावर शेपटी आपटत चालणारा हा काळा-पांढरा पक्षी दिसला की मला थंडीची पहिली चाहूल लागते, थर्मामीटर अजून तेहेतीस दाखवत असला तरी.

बदकं उशिरा येतात, नोव्हेंबरात. योगायोग चांगला आहे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, आणि ते जन्माने सोलापूरचे. १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. त्या आठवड्यात पहाटे सात वाजता नदीवर गेलात तर थापटे आणि चक्रवाक नुकतेच उतरलेले असतात. चक्रवाक तिबेट-लडाखकडचा, नारिंगी रंगाचा, जोडीने राहणारा. रात्री नदीच्या दोन काठांवर जोडी ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते अशी कविसंकेताची गोष्ट आहे. प्रत्यक्षात ते रात्रीही शेजारी शेजारी चरताना मी पाहिलेत. ती गोष्ट ज्याने रचली त्याला बहुतेक अंधारात एकच दिसला असावा.

पट्टकादंब हंस पाहायचे तर मात्र उजनीच्या पाण्यावर जावं. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद असलेला हा पक्षी तिथे हरभऱ्याच्या रानात गुरासारखा चरतो.

डिसेंबर-जानेवारीत नदीपेक्षा नदीकाठची ज्वारी जास्त बोलकी असते. संध्याकाळी पाच-साडेपाचला भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, मैनेची जातभाई. हजारोंनी. मालदांडी ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी मचाणावर गोफण घेऊन उभा. याच भोरड्या कणसं नसतील तेव्हा नाकतोडे आणि अळ्या फस्त करतात, हे मी एकदा एका काकांना समजावायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मग अळ्या हायत तिकडं पाठवा की त्यांना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. संध्याकाळी भोरड्या नदीकाठच्या वेड्या बाभळींत झोपायला उतरतात तेव्हा जो गलका होतो तो लांबून पावसासारखा ऐकू येतो.

फेब्रुवारीनंतर पाणी आटतं आणि मला सगळ्यात आवडणारा काळ सुरू होतो. लोक म्हणतात उन्हाळ्यात नदीवर काय ठेवलंय. अहो, उन्हाळ्यात नदी उघडी पडते. डोह लहान होतात, मासे त्यात कोंडतात आणि चित्रबलाक येतात. पांढरं-काळं अंग, शेपटीकडे गुलाबी झाक, पिवळी जाड चोच. इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तलावात त्यांची वसाहत आहे. हा पक्षी डोळ्यांनी मासा शोधत नाही. चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात बुडवतो, एका पायाने गाळ ढवळतो, एक पंख झटकन उघडतो. बिचकलेला मासा चोचीला नुसता लागला की चोच मिटते. शेजारी लहान बगळा दुसरी युक्ती करतो. त्याचे पाय काळे आणि पंजे पिवळेधमक, मोजे घातल्यासारखे. तो एक पंजा पाण्यात थरथरवतो, थांबतो, पुन्हा थरथरवतो. एकदा मी घड्याळ लावून बसलो होतो: सतरा मिनिटांत अकरा वेळा चोच मारली, चार वेळा मासा. गढूळ पाण्यात एवढं यश पुष्कळ म्हणायचं.

याच दिवसांत वाळूच्या पट्ट्यांवर घरटी असतात. घरटी कसली, नुसते खळगे. टिटवी खड्यांमध्ये चार अंडी घालते, निमुळती टोकं आत करून, फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. दोन पावलांवरून दिसत नाहीत. पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा अंडी उबवण्याचा प्रश्न नसतो, ती शिजू न देण्याचा असतो. टिटवी डोहावर जाते, पोटाची पिसं भिजवते, पळत येऊन अंड्यांवर बसते, थोड्या वेळाने पुन्हा जाते. दुपारी दोनला, आपण पंख्याखाली असताना. टिटवीने उंचावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस मोठा, असं गावोगाव सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. ती कोरडी खडी बघते, पंचांग बघत नाही.

नदी सुरय आणि छोटी आर्ली हेही वाळूवरच अंडी घालतात, चहूकडून पाण्याने वेढलेलं बेट मिळालं तर उत्तम, कारण कुत्रा तिथे पोचत नाही. सुरय म्हणजे पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी, नदीवरचा सगळ्यात देखणा उडणारा. जागतिक यादीत आता त्याची गणना संकटात सापडलेल्या जातींत होते. कारण समजून घ्यायला पाण्याची खोलीच पुरे. सुरय मार्च-एप्रिलात अंडी घालतो, कारण लाखो वर्षं त्या महिन्यांत नदी फक्त उतरतच आली आहे. बेट एकदा उघडं पडलं की जूनपर्यंत उघडंच. त्याच्या अंगात मुरलेल्या कॅलेंडरात उन्हाळी आवर्तन नाही. एप्रिलात धरणातून पाणी सुटतं, दोन फूट चढतं, बेट जातं. चिखलातला शेकाट्या उडून हिप्परग्याला जातो. अंडी उडत नाहीत. शिवाय वाळू उपसली गेली तर पुढच्या वर्षी बेटच नसतं.

शेकाट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. शहरातला नाला नदीला मिळतो तिथे शेकाटे शेकड्याने दिसतात आणि फोटो काढणारे खूश होतात, 'नदी किती समृद्ध' म्हणून. सांडपाण्याच्या काळ्या गाळात डासांसारख्या माश्यांच्या लालबुंद अळ्या प्रचंड वाढतात. त्यांना ऑक्सिजन कमी असला तरी चालतो, आणि शेकाट्याला त्या फार आवडतात. म्हणजे शेकाटे वाढले, सुरय आणि खंड्या कमी झाले, तर पाणी बिघडलं असं समजावं. सुरयाला वरून मासा दिसावा लागतो. आकडा मोठा म्हणून नदी बरी, हा हिशोब नदीला लागू पडत नाही.

मृगाच्या आसपास चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आफ्रिकेकडून वाऱ्यावर स्वार होऊन. चोच वर करून पावसाचे थेंब झेलतो वगैरे काही नाही, तो केसाळ अळ्या खातो आणि सातभाई पक्ष्याच्या घरट्यात अंडी टाकतो. सोलापूर पर्जन्यछायेत, आमचा खरा पाऊस सप्टेंबरातला. गंमत अशी की जुलैत इथे आभाळ कोरडं असतानाही भीमा फुगलेली असते, कारण पाऊस घाटावर पडतोय. सीनेचं तसं नाही, तिचं पाणी नगर-धाराशिवकडून येतं. पावसाळ्यात वंचक, म्हणजे तो मातकट ढोकरी बगळा, ओळखू येत नाही. पाठ तांबडी-मरून होते, डोक्यावर लांब पांढरे तंतू. गायबगळ्याचं डोकं नारिंगी होतं. पहिल्या वर्षी मी या दोघांना नवीन जाती समजून मोठ्या अभिमानाने एका जाणत्या माणसाला फोन केला होता. ते हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण.

जायचंच असेल तर पहाटे जा आणि नदीच्या पूर्व काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीमागून येतं आणि रंग दिसतात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. दहापटीची हातात थरथरते. वहीत पक्ष्यांच्या नावांच्या आधी एक ओळ लिहा: बर्गे आहेत की काढलेत, पाणी वाहतंय की थांबलंय, चिखल किती हात रुंद. वर्षभराने ही ओळच सगळ्यात उपयोगी पडते. आणि वाळूच्या पट्ट्यावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर फोटोचा मोह सोडून आल्या पावली मागे फिरा. तुम्ही अंड्यांच्या जवळ आहात, आणि तिला उठवल्यामुळे अंडी उन्हात उघडी पडलीयत.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो महापूर आला त्यात लांबोटीचा आणि वडकबाळचा रस्ता बंद पडला, शेतांची माती गेली, लोकांचे संसार गेले. पक्ष्यांचं बोलायची ती वेळ नव्हती. पाणी उतरल्यावर बऱ्याच दिवसांनी मी बंधाऱ्याकडे गेलो. सुगरणीची घरटी लटकायची ती बाभूळ उभी होती, पण माझ्या डोक्याच्या बरीच वर, शेंड्याला, पिशव्या, चिंध्या आणि कुणाच्या तरी ठिबकची काळी नळी अडकली होती. घरटं एकही नाही. काठ सरळ कापला गेला होता, सुरीने वडी कापावी तसा.

त्यानंतरच्या मार्चात पुन्हा गेलो तर मामा आधीच आलेले. त्यांनी बोटाने तो कापलेला काठ दाखवला. ताज्या, उभ्या मातीत गोल भोकं होती, रुपयापेक्षा थोडी मोठी. प्रत्येकाच्या तोंडाशी पायांनी ओरखडलेले दोन चर आणि खाली मातीचा बारीक भुसा. वेडे राघू आत-बाहेर करत होते, एकाच्या चोचीत चतुर. उभा काठ असला की घोरपड आणि साप सहज चढत नाहीत, म्हणून असला काठ त्यांना सोयीचा. मी तेवीस बिळं मोजली.

"पंचवीस हायत," मामा म्हणाले. "दोन त्या मुळाच्या मागं, तुमच्या दुर्बिणीत येत न्हाईत."